ट्रंपेटवरून फिरलेला रुमाल

मी एकवीस वर्षं ज्या खोलीत बसलो, त्या खोलीचा पत्ता कुणीही कुणाला सरळ विचारला नाही. नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात, एक्स-रे काढतात त्याच्या मागच्या बोळात, ती खोली होती. दारावर ‘समुपदेशन व तपासणी केंद्र’ अशी पाटी होती. एचआयव्ही हे नाव तिच्यावर अगदी बारीक अक्षरात होतं, पण ते बारीक अक्षर पोरांना फाटकापासूनच दिसायचं. आत यायचं असलेला तरुण आधी एक्स-रेची खोली विचारायचा, मग पिण्याचं पाणी कुठंय ते विचारायचा आणि शेवटी माझ्या दारासमोर उभा राहून गरोदर मातांच्या आहाराचा तक्ता वाचू लागायचा. गरोदरपणी पालेभाजी किती खावी याची जेवढी माहिती आमच्या भागातल्या बिनलग्नाच्या पोरांना आहे, तेवढी बाकी कुणाला नसेल. मी त्यांना दहा मिनिटं वाचू द्यायचो. मग दार उघडून म्हणायचो, “या, आत पंखा आहे.”

आत आल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं. “सर, एका दोस्ताबद्दल इचारायचं होतं.” तो दोस्त म्हणजे तूच ना, असं मी कधीही म्हणालो नाही. दोस्त तर दोस्त. मी वही उघडून विचारायचो, “दोस्ताला ताप कधी आला होता?” पोरगा म्हणायचा, “परवा... म्हंजे तो सांगून राहिला होता.” अर्ध्या तासानं दोस्त हळूच गायब व्हायचा आणि खुर्चीत एकटा पोरगा उरायचा. मग खरं बोलणं सुरू व्हायचं.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड नाही. तपासणीआधी बोलायचं, रक्त घ्यायचं, तपासणीनंतर पुन्हा बोलायचं. माणसाला नावानं हाक मारायची नाही, नंबरानं मारायची. त्यानं काय केलं, कुठं केलं, याचा न्यायनिवाडा करायचा नाही. आणि ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, बायकोपाशीसुद्धा. नावं तर बहुतेक खोटीच असायची. एका आठवड्यात माझ्याकडे एकाच नावाचे तीन जण आले, कारण त्या महिन्यात एक सिनेमा चालला होता आणि त्यातल्या नायकाचं ते नाव होतं. एकानं रागारागात आपल्या चुलत्याचं नाव दिलं. मी मुकाट्यानं लिहून घेतलं.

मी मूळचा उदगीरचा. वडिलांचं मोंढ्यात दुकान. आमच्या लिंगायत घरात शिवपूजा आणि उष्ट्या-खरकट्याचे नियम दोन्ही कडक होते. तांब्याला तोंड लावायचं नाही, पाणी वरून ओतून प्यायचं. भावाच्या ताटातला घास भावानं उचलायचा नाही. मला ही नोकरी लागली तेव्हा अप्पा दुकानात येईल त्याला सांगायचे, “पोरगा मोठ्या दवाखान्यात हाय.” कोणत्या खात्यात, असं विचारलं की ते गिऱ्हाईकाच्या पिशवीत डोकावू लागायचे. उशिरानं का होईना, लग्न जमवताना लातूरच्या सासऱ्यांनी विचारलं, “जावई नेमकं काय करतात?” अप्पांनी ऐटीत सांगितलं, “समुपदेशक.” सासऱ्यांना तो शब्द डॉक्टरपेक्षाही मोठा वाटला आणि कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मंगलला खरं काय ते लग्नानंतर तीन आठवड्यांनी कळलं. ती म्हणाली, “मग त्यात लपवायचं काय होतं?” त्या दिवसापासून मी तिला मानतो. वर ती हेही म्हणाली, “दुसऱ्यांना काय संयम शिकवायचा तो शिकवा, पण ते पान आधी सोडा.” पान आजवर सुटलेलं नाही.

खोलीतल्या कामाइतकंच बाहेर जाऊन बोलण्याचंही काम असे. कॉलेजं, वसतिगृहं, आयटीआय, कधी वीटभट्टी. विष्णुपुरीला अभियांत्रिकीच्या पोरांसमोर बोलायला मला फार आवडायचं. तिथं मी एक पुठ्ठ्याची पेटी फिरवायचो, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाका म्हणायचो. डासामुळे होतो का, धरणात पोहल्यानं होतो का, न्हाव्याच्या वस्तऱ्यानं होतो का, असे प्रश्न सुरुवातीच्या वर्षांत यायचे. पुढं पोरं हुशार झाली. चार कारणं त्यांना पाढ्यांसारखी पाठ. असुरक्षित संबंध, बाधित रक्त, वापरलेली सुई, आईकडून बाळाला. पेटीतले प्रश्नही बदलले. “मुलगी बघायला गेल्यावर तपासणीचा विषय कसा काढायचा?” “सगळे मित्र अनुभवाच्या गोष्टी सांगतात, मला काहीच अनुभव नाही, माझ्यात काही दोष आहे का?” हा दुसरा प्रश्न दर वर्षी वेगवेगळ्या अक्षरात यायचा. मी तो मोठ्यानं वाचायचो आणि म्हणायचो, “ज्यानं लिहिलंय त्याला सांगतो, गोष्टी सांगणाऱ्या त्या मित्रांनीसुद्धा हीच चिठ्ठी टाकलेली आहे.” सगळा हॉल हसायचा आणि त्या हसण्यात बऱ्याच जणांचा सुटकेचा श्वास असायचा. एका चिठ्ठीत मात्र फक्त एवढंच होतं, “सर, शर्ट कुठून घेतला?”

तिथलाच एक विद्यार्थी माझ्या भाषणांचा हुकमी एक्का होता. पोरगा इतका हुशार की फळ्यावर विषाणूची आकृती बाणाबिणांसकट काढून दाखवी. पण औषधाच्या दुकानात निरोध मागायला गेला की ऐन वेळी कुणीतरी काकू यायच्या आणि हा खोकल्याच्या गोळ्या घेऊन परतायचा. असं चार वेळा झालं. त्याच्या वसतिगृहाच्या खोलीतले सगळे खोकल्याशिवायच त्या गोळ्या चघळत बसले. ही गोष्ट सांगून मी शेवटी बोट वर करून म्हणायचो, “बाळांनो, माहिती डोक्यात असणं वेगळं आणि ती हाताला कळणं वेगळं!” टाळ्या पडायच्या. त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. तेच वाक्य एक दिवस मुदखेडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याच अंगावर येणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता विक्रमबद्दल सांगतो. त्याचं खरं नाव हे नाही. पहिल्यांदा खोलीत आला तेव्हा त्यानं स्वतःचं खोटं नाव ‘विक्रम’ सांगितलं होतं. या लेखासाठी त्याची परवानगी मागितली, कोणतं नाव लिहू ते विचारलं, तर म्हणाला, “सर, तेच ठेवा की. भारी हाय.” गाव मुदखेडच आहे की दुसरं, तेही मी सांगणार नाही. तुम्ही मुदखेडच समजा.

वय तेवीस. लग्नातल्या ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. वराती वाजवत जिल्हाभर फिरणारा, अंगानं काटक, ओठावर ट्रंपेटचा गोल वण. तपासणीत विषाणू सापडला. तो कुठून आला ते त्यानं मला सांगितलं आणि ते माझ्यापाशीच राहील. त्या दिवशी त्यानं एकच प्रश्न विचारला, “सर, छातीत दम राहील का?” मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, याला मरणाची नाही, ट्रंपेटची काळजी आहे. मी म्हणालो, “रोज एक गोळी, जेवणानंतर, एकही दिवस न चुकता. दम राहील.” आणि खरंच, वर्षभरात रक्तातला विषाणू इतका दबला की तपासणीत मोजण्याइतकाही उरला नाही. असं झालं की जोडीदारालाही त्याच्यापासून लागण होत नाही. कागद बघून मला जो आनंद झाला तो सांगू नये इतका होता. मी त्याला चहा पाजला आणि स्वतः दोन पानं खाल्ली.

पुढं गणपतीनंतर तो पुन्हा आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “सर, गोळी रोज घेतो. मरेस्तोवर घेतो. पण खुळखुळा न्हाई वाजवणार.”

झालं असं होतं. त्याच्या पिशवीतली गोळ्यांची बाटली बँडमालकांच्या हाती लागली. बँडमालक म्हणजे वहाबचाचा. तीन पिढ्यांचा बँड, स्वभावानं मऊ माणूस. त्यांनी विचारलं आणि यानं खरं सांगून टाकलं. चाचांनी ते आपल्यापुरतंच ठेवायचं ठरवलं होतं, पण पत्र्याच्या शेडमध्ये गुपित टिकत नाही. दुपारी चाचांना कळलं, संध्याकाळी अख्ख्या बँडला. आता बँडमध्ये ट्रंपेट दोनच, तेही चाचांच्या मालकीचे, आणि वाजवणारे तिघं. वरात लांबली, एक जण दमला की तोच ट्रंपेट दुसरा घ्यायचा, तेच पितळी तोंड ओठाला लावायचा. पोरांनी सांगितलं, हा वाजवणार असेल तर आम्ही नाही वाजवणार. चाचांनी मधला मार्ग काढला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत विक्रमच्या हातात खुळखुळा दिला. बँडमध्ये ज्याला काहीच येत नाही त्याला खुळखुळा देतात. आणि हा तर त्या बँडचा पहिला ट्रंपेट.

मी म्हटलं, “तुझ्यासाठी वेगळं तोंड घेतलं तर? ते बदलता येतं ना?”

“चाचा बी तेच म्हणले,” विक्रम म्हणाला. “सर, सगळ्यांना येगळं द्या, मग मला बी द्या. एकट्याला येगळं तोंड म्हंजे येगळं ताट झालं की.”

मी तो विषय तिथंच सोडला. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होणार होत्या. तोवर ट्रंपेट परत मिळाला नाही तर तो बँड सोडून पुण्याकडे एखाद्या कंपनीत जाणार होता, आणि गाव सोडलेल्या पोरांच्या गोळ्या कशा चुकतात ते मी पाहिलं होतं. त्यानंच मला गळ घातली, “तुमी येऊन पोरांना सांगा. तुमचं ऐकतील.” मी छाती फुगवून हो म्हणालो.

एका संध्याकाळी पॅसेंजरनं मुदखेडला गेलो. स्टेशनच्या मागं शेड. खुंट्यांवर सोनेरी झालरीचे लाल कोट टांगलेले, खाली ढोल आणि सात-आठ पोरं. चाचांनी खुर्ची पुसून दिली. “साब, समझाव इनको. मेरा तो कुछ सुनतेच नै.” मी तासभर बोललो, आणि चांगलं बोललो हे मीच सांगतो. थुंकीतून हा आजार पसरत नाही, हे तीन प्रकारे सांगितलं. ओठ फुटून रक्त येत असेल तर कुणीच बाजा वाजवू नये आणि कुणाचा तसला बाजा घेऊही नये, मग तो आजारी असो की धडधाकट, हेही सांगितलं. पोरांना चार कारणं विचारली तर त्यांनी एका दमात म्हणून दाखवली. मी खूश झालो. विक्रम कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता आणि हळूहळू त्याची मान वर येत होती.

तेव्हा दत्ता उठला. दत्ता म्हणजे दुसरा ट्रंपेट, तोंडानं फटकळ. त्यानं खुंटीवरचा ट्रंपेट काढून विक्रमच्या हातात दिला आणि म्हणाला, “वाजीव.” विक्रमनं महिनाभराच्या उपवासानंतर जेवावं तशी एक तान घेतली. शेड दणाणून गेली. मग दत्तानं ट्रंपेट माझ्यापुढं केला. “आता तुमी, सर.”

मी हसत हसत ट्रंपेट घेतला. आणि खिशातून रुमाल काढून त्याचं तोंड पुसलं.

मला कळलंसुद्धा नाही. शेडमधला आवाज एकाएकी थांबला तेव्हा मी मान वर केली. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी घाईनं ट्रंपेट तोंडाला लावून फुंकलं, पण नुसती हवा निघाली.

“सर, रुमाल कायला काढला?” दत्तानं विचारलं.

“अरे, पान खाल्लंय मी,” मी म्हणालो. “बाजा घाण होऊ नये म्हणून.”

“मंग तोंड पुसायचं होतं ना. बाजा कशाला पुसला?”

इतका सरळ प्रश्न मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. विक्रम पुढं आला. त्यानं माझ्या हातातून ट्रंपेट घेतला, खुंटीला टांगला आणि बाहेर निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर जेवण जाईना. गुपित फोडायचं नाही हा नियम, म्हणून मंगलला नाव-गाव न सांगता एवढंच म्हणालो, की एका माणसाचा बाजा वाजवताना मी तो पुसला आणि त्याचं मन मोडलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “पुसणारच तुम्ही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या ग्लासातलं पाणी कधी तोंड लावून प्यालात? उदगीरची शिकवण आहे ती.” क्षणभर मला फार बरं वाटलं. म्हणजे ती एड्सची भीती नव्हतीच, उष्ट्याची सवय होती! हे जाऊन सांगितलं की झालं, असं वाटलं. मग ताटावरून उठता उठता लक्षात आलं, की उष्ट्याची सवय होती हे खरं, पण तेवढीच होती का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ज्यानं त्या खोलीत शेकडो माणसांचे हात हातात घेतले, त्याला स्वतःबद्दल हे सांगता येऊ नये, याची लाज वाटली. ती लाज अजूनही पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पॅसेंजर पकडली. या वेळी भाषण केलं नाही. म्हटलं, “काल मी खोटं बोललो. पानासाठी रुमाल काढला नव्हता. थोडी उष्ट्याची सवय, थोडी भीती. किती कोणती ते मला माहीत नाही. मला सगळी माहिती आहे, तुमच्यापेक्षा जास्त आहे, तरी हात खिशात गेला. म्हणून मी तुम्हाला काही सांगायला आलेलो नाही. मी ट्रंपेट शिकायला आलोय. विक्रमकडून, विक्रमच्याच ट्रंपेटवर. हात खिशात जायचा थांबेपर्यंत रोज येईन.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. चाचा म्हणाले, “साब, इस उमर में?”

मी म्हणालो, “खुळखुळ्यापासून सुरू करायचं असेल तर तसं सांगा.” त्यावर विक्रमच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यानं खुंटीवरचा ट्रंपेट काढला आणि एवढंच म्हणाला, “आदी पान थुका, सर.”

नवरात्रापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मी ट्रंपेट शिकलो. ‘शिकलो’ हा शब्द मोठा आहे. विक्रम एक ओळ वाजवून दाखवायचा, ट्रंपेट माझ्या हाती द्यायचा, मी वाजवायचो आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस ओरडायची. पहिले चार दिवस माझा डावा हात खिशाकडे जाऊन परत यायचा. मी रुमाल घरीच ठेवून जाऊ लागलो. तरी हात जायचा. पोरांना याची मोठी मौज वाटू लागली. आज सरांचा हात किती वेळा गेला, हे ती बोटांवर मोजायची आणि मी निघालो की स्टेशनापर्यंत सोडायला यायची. वाटेत हळूच एखादा मागं राहायचा. “सर, माझ्या एका दोस्ताबद्दल इचारायचं होतं.” माझी खोली मुदखेडच्या रस्त्यावर आली होती. ढोल वाजवणाऱ्यानं विचारलं, गुप्तरोगाच्या जाहिरातीतली औषधं खरी असतात का. दुसऱ्यानं विचारलं, लग्न ठरलंय, बायकोला आधीचं काही सांगावं का. तपासणीसाठी त्यांतले चौघं आपणहून नांदेडला आले आणि चौघांनीही गरोदर मातांचा तक्ता न वाचता सरळ दार ढकललं.

पण विक्रमचा ट्रंपेट अजून त्याचा आणि माझाच होता. त्याला तिसरं तोंड लागलं नव्हतं. मी कुणाला आग्रह केला नाही. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं. विक्रमनं पुण्याला जायची पिशवी भरून ठेवली आहे, असं चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

त्या संध्याकाळी चाचांनी सगळा बँड उभा केला होता आणि मला वरातीच्या धुनीची सुरुवात वाजवायला लावली होती. त्या धुनीत एक जागा आहे, तिथं सूर वर चढून किंचित थांबतो आणि मग ढोल कोसळतो. मी ती जागा चुकलो. पुन्हा चुकलो. सातव्यांदा चुकलो तेव्हा दत्ता कपाळावर हात मारून ओरडला, “अहो सर, असं न्हाई ओ! कान हायत का काय हाय तुमचे!” आणि त्यानं माझ्या हातातला ट्रंपेट हिसकावला, सरळ तोंडाला लावला आणि ती जागा अशी घेतली की ढोलवाल्याचे हात आपोआप ढोलावर पडले. पुढचा अंतरा, त्याच्या पुढचा अंतरा, सगळी वरात त्यानं डोळे मिटून वाजवली. संपल्यावर डोळे उघडले तर सगळे त्याच्याकडे बघत उभे.

दत्तानं हातातल्या ट्रंपेटकडे पाहिलं. मग विक्रमकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं. कानशिलं लाल झाली, पण ट्रंपेट खाली ठेवला नाही. विक्रमच्या पुढं धरून म्हणाला, “घे. दुसरा अंतरा तूच धर. तिथं माझा दम पुरत न्हाई, तुला म्हाईत हाय.”

विक्रमनं घेतला. बाहीनं पुसला, जसा प्रत्येक बाजेवाला दुसऱ्याचा बाजा घेताना जाता जाता पुसतो, आणि वाजवू लागला. चाचा भिंतीकडे तोंड करून कोटांच्या झालरी नीट करू लागले. मी मात्र तोंड वगैरे फिरवलं नाही, सगळ्यांसमोर रडलो.

पिशवी रिकामी झाली. हंगामाच्या पहिल्या वरातीत विक्रम लाल कोट घालून सगळ्यात पुढं होता. आणि चाचांचा एक माणूस आजारी पडल्यामुळे त्या वरातीत सर्वांत मागं, पोटावर न बसणारा कोट कसाबसा लावून, खुळखुळा वाजवत एक सरकारी समुपदेशक चालला होता. पाहुण्यांपैकी एकानं मला ओळखलं आणि तो दचकून उसाच्या रसाच्या गाड्यामागं दडला. त्याची फाइल माझ्याकडे होती. मी त्याला ओळख दाखवली नाही, नियम म्हणजे नियम.

पुढं चाचांनी तिघांसाठी तीन वेगळी पितळी तोंडं आणली, ती सगळ्यांसाठी आणि एकाच दिवशी. पोरं ती पहिले आठ दिवस वापरत होती, मग कोणतं कुणाचं ते कुणी बघेना. विक्रमचं लग्न झालं. मुलगी लग्नाआधी माझ्या खोलीत येऊन सगळे प्रश्न विचारून गेली, आणि तिनं कोणत्याही दोस्ताचं नाव पुढं केलं नाही. आज ती आणि त्यांची दोन वर्षांची लेक दोघींच्याही तपासणीत काही नाही. लेक बापाच्या ट्रंपेटमध्ये भुईमुगाची टरफलं टाकते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. दवाखान्यात शाल-श्रीफळ झालं, दोन भाषणं झाली. घरी येऊन पान लावून बसतो तोच गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. शेजारच्या वहिनी गॅलरीतून मंगलला विचारू लागल्या, “कुणाचं लग्न हो?” लाल कोट घातलेला सगळा बँड माझ्या दारात उभा. चाचा आता थकलेत, तरी रिक्षात बसून आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर फेटा ठेवला. मंगल पदर तोंडाला लावून हसत होती. गल्लीतल्या कुणालाही माहीत नव्हतं की हे लोक कोण आणि माझ्याकडे का आलेत, आणि आजही माहीत नाही.

मला मधे घेऊन वरात निघाली ती चौकात थांबली. विक्रमनं ट्रंपेट माझ्या हातात दिला. “सर, ती जागा.”

माझा हात खिशाकडे गेला नाही. मी सरळ तोंडाला लावला आणि फुंकलं. ती जागा लागली असं म्हणणार नाही, पण जवळपास लागली. दत्तानं कानांवर हात ठेवले, बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या. मी मोठ्या तोऱ्यात ट्रंपेट परत केला.

विक्रमनं तो उजेडाकडे धरून बघितला. मग खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि ट्रंपेटचं तोंड चांगलं दोनदा घासून पुसलं. रुमालावर लाल डाग उमटला.

“सर, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण पान खाऊन कुणी बाजाला तोंड लावतं का?”

सगळा चौक हसला. दत्तानं खुळखुळा माझ्यापुढं धरला. मी तो घेतला आणि मागं जाऊन माझ्या जागेवर उभा राहिलो.